बापाची जागा

"भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला माणूस. जमीन दुसऱ्या सरदाराकडं गेली, की तोही तिच्यासोबत जायचा," सर शिकवत होते. मध्ययुगीन युरोप. बी.ए.चं दुसरं वर्ष. "आपल्याकडचं उदाहरण देईल कुणी?"

मागच्या बाकावरून आमच्या गावच्या मालकांचा मुलगा उठला. माझ्याकडं बोट केलं.

"सर, ही. हिचा बाप आमच्या शेतातल्या आखाड्यावर हाय. आजाबी आमच्याकडंच मेला."

वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "बस खाली. उदाहरण तसं चुकीचं नाही."

मी मान खाली घातली. वहीत लिहिलं, भूदास. ठळक, सुवाच्य अक्षरात. तसं लिहिल्याचा माझा मलाच अजून राग येतो.

पण ते खरंच होतं. फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव. बाप सालगडी. शेतातला पत्र्याचा आखाडा हेच आमचं घर. तिथं राहतो म्हणून आई मालकांच्या गोठ्यातलं शेण फुकट काढायची. मला शाळेत घालू का, हे बापानं मालकांना विचारलं होतं. मावशीनं पुढं शिकायला मला शहरात, छावणी भागातल्या तिच्या घरी आणलं, तेव्हाही विचारलं.

पुस्तकातलं भूदासांचं प्रकरण मी लायब्ररीत बसून पुन्हा पुन्हा वाचलं. तिकडं महामारी आली. माणसं इतकी मेली की राबायला हात उरले नाहीत. उरलेले मजुरी मागायला लागले. सरदारांनी कायदे केले, मजुरी वाढवायची नाही, गाव सोडायचं नाही. तरी लोक पळाले. शहरात शिरले. एक वर्ष आणि एक दिवस शहरात काढला, की मालकाचा हक्क संपायचा.

आमच्याकडं महामारी नव्हती. दुष्काळ होता. टँकरचं पाणी आधी मालकांच्या मोसंबीला, मग बैलांना, मग आम्हाला. आई झाडाझाडाला घागरीनं पाणी घालायची. एकदा तिनं एक घागर घरासाठी बाजूला ठेवली. मालकीणबाईंनी ती सगळ्या बायांसमोर आईच्याच हातानं झाडाला ओतायला लावली. शेवटी बाग वाळलीच. मालक म्हणाले, "आता काम नाय. जा कुठंबी."

आईबाप वाळूजला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात आले. एक खोली केली. मीही त्यांच्याकडं राहायला गेले. बाप एका कंपनीत माल उतरवायला लागला, आई झाडूकामाला. पहिला आठवडाभर बाप कॅन्टीनमध्ये उभ्यानंच जेवला. बाकावर बसलं तर कुणी उठवील, असं त्याला वाटायचं. मी दिवस मोजत होते. त्याला एक वर्ष एक दिवसाचं सांगितलं. तो हसला.

"मालकाला ठाव होतं का तिथल्या?"

अकराव्या महिन्यात पाऊस झाला. मालकांची जीप दारात आली. मालक खाटेवर बसले. बाप उभा राहिला. स्वतःच्या खोलीत.

"पाऊस झालाय. चला," मालक म्हणाले.

बाप कपडे बांधायला लागला. मी आडवी आले.

"बा येणार नाय."

मालक माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. बापाला म्हणाले, "पोरगी शिकवलीस. आता ती तुला शिकवाया लागली."

"गप गं," बाप मला म्हणाला. "लई उपकार हायेत त्यांचे."

"कोणते? एक सांग."

त्यानं गाठोड्याची गाठ आवळली. आणि तो गेला. आई जागची हलली नाही. "मी नाय येत," एवढंच म्हणाली, भिंतीकडं बघून.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर पुन्हा आटली. गाळ काढायला बापाला खाली उतरवलं. कड ढासळली. आम्ही पोचलो तेव्हा त्याला वर काढून लिंबाखाली ठेवलं होतं. तोंडातली माती कुणी धुतली नव्हती. आईनं धुतली. मालक म्हणाले, "आमचा उजवा हात गेला."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांचा मुलगा कॉलेजच्या जिन्यात भेटला. आवाज मऊ होता.

"वडिलांनी सांगितलंय, बापाची जागा रिकामी हाय. आईला पाठव. आखाडा तुमचाच हाय."

 घरात पीठ नव्हतं. तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. 

"नाय," मी म्हणाले.

"का? इथं काय हाय तुमचं?"

इथं आमचं काहीच नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं.  तो जिन्यात उभा राहिला, वाट बघत. मी खाली उतरले.

बापाला आयुष्यभर नाही म्हणायला कारण लागलं, आणि ते त्याला कधी सापडलं नाही. मी कारण देणार नाही. आई उपाशी असली तरी. मी उपाशी असले तरी. त्या जागेवर आता आमच्या घरातलं कुणीही उभं राहणार नाही.