गोदूबाईची सरळ रेघ

समुद्राकाठच्या नवापूरच्या गोदूबाईला वाकडं खपत नसे. शेजारणीचं कुंकू जरा डावीकडे सरकलं, तर ती भर बाजारात बोट लावून ते नीट करायची. गावाने गवंड्याच्या ओळंब्यावरून तिचं नाव ओळंबा ठेवलं होतं. पण तिच्यासारखे बोंबील कुणाचेच वाळत नसत. बांबूंना दोऱ्या ताणायच्या, जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगायच्या आणि दोन जोड्यांमध्ये बरोबर दोन बोटं जागा सोडायची. सुनेने दाटीवाटीने टांगले की ती खेकसायची, "मासली उनान नाय वालत गो, मधल्या मोकल्या जाग्यान वालते." नवरा गेल्यावर मासळी वाळवायच्या या खळ्यावरच तिने घर चालवलं होतं.

चौसष्ट साली किनाऱ्यालगत कसल्याशा मोठ्या कामाची मोजणी सुरू झाली. आखल्या जाणाऱ्या रेघेच्या आत गेलं तर काय नि बाहेर राहिलं तर काय, हे बायकांना कोण सांगतो? मोजणीदार खंडेराव घाटावरचा. महिनाभर तो गोदूबाईकडेच जेवला. तिला तो मावशी म्हणायचा.

शेवटच्या दिवशी साहेब पाहणीला आला आणि छत्रीखाली नकाशात डोकं घालून उभा राहिला. चुन्याची रेघ लांबून सरळ येत होती, पण खळ्यापाशी हळूच वळसा घेऊन पुढे जात होती. गोदूबाईने एक डोळा मिटला. जित्याची खोड, दुसरं काय.

"दोरीन वारा घेतलाय," ती म्हणाली. "रेग वाकरी हाय."

खंडेरावाने तिला घरात जायला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, चूक काढली म्हणून रागावला. तिने दोरी हिसकावली, खुंटीपासून खुंटीपर्यंत ताणली आणि स्वतःच्या हाताने चुना टाकला. रेघ खळ्याच्या बाहेरच्या कडेवरून गेली, पण तिला वाटलं, चुनाच तो, झाडला की गेला. साहेबाने नकाशाशी ताडून पाहिलं आणि बाईची नजर पक्की असल्याचं सांगितलं. ती खुशीत हसली.

जाताना खंडेराव मान खाली घालून म्हणाला, "मावशी, ती रेघ मी मुद्दाम वाकवली होती."

सहा महिन्यांत त्या रेघेवर काटेरी तारेचं कुंपण उभं राहिलं आणि खळं आत गेलं. आता गोदूबाई दुसऱ्यांच्या खळ्यावर रोजाने बोंबील टांगते. ते सांगतील तसे, अगदी दाट. स्वतःचा तिला भयंकर संताप येतो. येताजाता ती कुंपणापाशी थांबते, एक डोळा मिटते आणि टोकापर्यंत बघते. एखादा तरी खांब चुकला असेल, एवढीच आशा.

एकही चुकलेला नाही.