एक चूल, तीन घरं

मेळघाटातून उठवून तेल्हाऱ्याजवळच्या माळावर आणून बसवलेल्या कोरकू लोकांचा सर्वे करायला मी गेले होते. घरकुल कोणाला, ते त्या यादीवरून ठरणार होतं. फॉर्मवर नियम छापलेला: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब.

पहिल्याच अंगणात चूल एक, झोपड्या तीन. एकीत म्हातारी, दुसरीत मोठा मुलगा आणि त्याची बायको, तिसरीत धाकट्याची विधवा, दोन पोरी घेऊन. मी एकच फॉर्म भरला, कुटुंबप्रमुख मोठा मुलगा. काय ते माझं शहाणपण!

विधवेनं विचारलं, "बाई, माहं नाव कुठं लिहून राहिली?"

"भासऱ्याच्या, तुमच्या थोरल्या दिराच्या नावाखाली."

"मंग घर त्याले भेटन. मी पोरी घेऊन कुठं जाऊ?"

"पण तुम्ही एकत्रच रांधता ना?"

म्हातारी उसळली. "जंगलात तीन चुली होत्या आमच्या! इथं बांधा-धुऱ्यावरची काडी तोडली का वावराचा मालक अंगावर धावते. जाळाले कापसाची पऱ्हाटी भेटते ते एका चुलीपुरती. हौस हाय का आमाले?"

माझी मलाच लाज वाटली. तो फॉर्म फाडला आणि तीन भरले.

आमचे साहेब भडकले, म्हणाले उद्या येऊन बघतो. सकाळी पाहते तर विधवेनं दारापुढं तीन दगड मांडून वर रिकामं पातेलं ठेवलेलं.

"ताई, उचला ते," मी म्हटलं. "तुम्ही काहून खोटी चूल मांडता? खोटा तर आमचा कागद आहे."

तिनं दगड उचलले, तेवढ्यात साहेब आले. चूल मोजली, एकच, आणि लाल पेन काढलं. माझं डोकंच सटकलं. त्यांच्या हातातून फॉर्म ओढून घेतले आणि प्रत्येकावर लिहिलं, 'सरपण नाही म्हणून चूल एक. कुटुंबं तीन.' खाली सही ठोकली.

"आता खोडा. आणि का खोडलं ते लिहून तुमचीही सही करा."

साहेबांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग पेन खिशात घातलं आणि मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"नाही येत!"

विधवा पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं. "बाई, जायच्या आंधी माहा कागद वाचून दाखव. जोरानं वाच."

साहेबांसमोर, भासऱ्यासमोर मी खणखणीत वाचलं. कुटुंबप्रमुख: तिचं नाव.