कानानं मोजलेला थ्रो

डोळे उघडे ठेवून आजवर कुणालाही सत्य सापडलेलं नाही, अशी माझ्या मामेसासऱ्यांची, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांची, अढळ श्रद्धा होती. टरबूज वाजवून सगळेच घेतात. मामा भेंडीसुद्धा कानाशी मोडून घेत, त्यामुळे मूल गावच्या बाजारात ते दिसले की भाजीवाल्या टोपल्या झाकत. गल्लीत मोटारसायकल शिरली की घरातूनच सांगत, "तलाठी आला. चेन सैल हाय त्याची." मला बघायला आले तेव्हा तर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि "जेवले का?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हणालो. "आवाज खोटा नाई पोराचा. देऊन टाका पोरगी," मामांनी निकाल दिला. खरं तर मी सकाळपासून उपाशी होतो.

मामा जन्मभर क्रीडाशिक्षक. निवृत्त झाले तरी सॉफ्टबॉलच्या मुलींची जिल्हा निवड त्यांच्याशिवाय होत नसे, आणि कॅचर तर तेच निवडत. कॅचर बॅटरच्या मागे बसते, आलेला चेंडू झेलते आणि उठून सेकंड बेसवर फेकते. इकडच्या ग्लोव्हमध्ये फट् झालं की मामा स्टॉपवॉच सुरू करत, तिकडच्या ग्लोव्हमध्ये फट् झालं की बंद. हे सगळं अर्थातच डोळे मिटून. "डोळा पोरीचं तोंड पाहते जी, कानाले फक्त चेंडू समजते," असं ते म्हणत. मी गणिताचा मास्तर, म्हणून वेळ लिहून घ्यायला मला सोबत नेत.

गेल्या वर्षीच्या निवडीला प्रत्येक शाळेच्या मुली गाडी भरून आल्या होत्या. आपल्या मुलीचा थ्रो पोचला रे पोचला की गाडीभर मुली एकदम ओरडत. तळ्याकाठच्या गावची निकिता मात्र एकटी आली होती, सोबत फक्त तिचे वडील. जन्म तळ्यात जाळं टाकण्यात गेलेला तो माणूस. मासे बुजतात म्हणून गप्प राहायची सवय हाडात मुरलेली. सतरा वर्षांखालच्या संघासाठी निकिताची ती शेवटची संधी होती.

तिनं फेकलेला चेंडू जमिनीला समांतर गेला आणि सेकंड बेसवरच्या मुलीच्या हातात जाऊन बसला. असा थ्रो त्या दिवशी दुसरा झाला नाही. कुणी ओरडलं नाही. वडिलांनी श्वास रोखून धरला होता. आणि मामा डोळे मिटून उभेच! चेंडू कधीचा पोचला होता, सेकंड बेसवरची मुलगी तो परत फेकायच्या बेतात होती, तेव्हा कुठे मामांनी एक डोळा किलकिला करून घड्याळ दाबलं. "दोन पूर्णांक नऊ. रेंगाळते पोरगी." तिन्ही थ्रोंना तेच झालं. माझ्या लख्ख ध्यानात आलं, मामांना दूरचं फट् ऐकूच येत नव्हतं. बाकीच्या मुलींचे थ्रो त्यांनी आरडाओरड्यावर मोजले होते.

"बरोबर लिहिलं ना, जावईबापू?" मामांनी विचारलं. भर मैदानात मामेसासऱ्यांना बहिरं कसं म्हणायचं? मी म्हणालो, "बरोबर." निकितानं ग्लोव्ह पिशवीत घातला. वडिलांनी जाताना आम्हा दोघांना नमस्कार केला, तो मला अजून पचलेला नाही.

दिवाळीनंतर कुकरच्या सहा शिट्ट्यांपैकी मामांनी दोनच मोजल्या, वरणाचा कोळसा झाला, आणि मामींनी त्यांना चंद्रपूरला नेऊन कानात यंत्र बसवून आणलं. दुसऱ्या दिवशी मामांनी मला परसात बोलावलं. दूरच्या भिंतीवर चेंडू मारायला लावला, एकदा यंत्र घालून, एकदा काढून. मग ओट्यावर बसले.

"त्या पोरीच्या वेळी तुमचे डोळे तं उघडे होते ना?"

"हो."

"मंग बोलले काऊन नाई?"

मी भिंतीपाशी पडलेला चेंडू उचलून आणला.

रविवारी आम्ही तिच्या गावी गेलो. मामांनी तळ्याच्या बांधावर पावलं मोजून अंतर आखलं आणि पलीकडच्या टोकाला ग्लोव्ह घालून मला उभं केलं. यंत्र कानात होतं, तरी मामांनी डोळे टक्क उघडे ठेवले. निकितानं फेकलेला चेंडू ग्लोव्हमध्ये बसला आणि माझा हात झिणझिणला. "एक पूर्णांक नऊ," मामा म्हणाले आणि तो आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिला. "चुकलं माझं, बाई."

निकितानं वहीत डोकावून पाहिलं. "पण सर, आता तं वय निघून गेलं ना," ती म्हणाली. रागानं नाही, आठवण करून द्यावी तशी. वडील जाळं आवरत होते.

मामा आता निवडीला जात नाहीत. भेंडी मुकाट्यानं घेतात, भाजीवालीच विचारते, "काऊन जी, मोडून नाई पाहत?" माझ्याशी पूर्वीसारखेच प्रेमानं वागतात. घरी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवले का?" मी खरं तेच सांगतो. पण मी उत्तर देत असताना मामा आता डोळे मिटत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत राहतात.