पट्टी मोकळी कुठून होते

रोज सकाळी कॉफीला तोंड लावण्याआधी स्वेआ पातळ पोलादी फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढायची, टोकावर साखरेचा खडा ठेवायची आणि ती किती झुकेल ते आधी मनाशी ठरवून मग मोजायची. अंदाज जुळला की खडा दातांत धरून त्यातून कॉफी ओढायची. चुकला तर कॉफी बिनसाखरेची. स्वीडनमधल्या स्मोलांड भागातल्या त्या गावात चाळीस वर्षं तिनं पत्र्याच्या स्प्रिंगांचं गणित केलं. कडू कॉफी फारशी वाट्याला आली नाही.

त्या डिसेंबरात, बारा तारखेला, तिच्या कारखान्यात लुसियाच्या, म्हणजे दिव्यांच्या सणाचे ऐंशी मुकुट तयार होते. दुसऱ्या दिवशी पहाटे शाळाशाळांतल्या मुली ते घालून गात चालणार होत्या. मुकुटांवरच्या मेणबत्त्या सेलवर पेटणाऱ्या. न्यायला गाडी आज दुपारी तीन वाजता येणार होती. स्वेआचा धाकटा भाऊ आल्गोट, साठीचा आणि टकलू, एक मुकुट चढवून यंत्रांमधून चालू लागला. पावलागणिक दिवे विझत, पुन्हा पेटत.

"ताई, लुसिया डोळे मिचकावतेय!"

"नाचू नकोस. नीट चाल."

"मी नीटच चालतोय. तुझी पट्टी नाचतेय."

स्वेआचा चेहरा उतरला. सेलला दाबून धरणारी पितळी पट्टी तिच्याच हिशोबाची. अंधारात गाणाऱ्या मुली तिला दिसू लागल्या. तिनं गणित दोनदा तपासलं, उत्तर तेच. मग सेलची डबी उघडून उजेडात धरली आणि टाचणीनं पट्टी हळूच दाबली. आराखड्यात डबीची कड काटकोनी होती, साच्यातून मात्र गोल होऊन आली होती, त्यामुळे पट्टीची पकड मागेच सुटत होती. पट्टी मोकळी हवी होती बारा मिलिमीटर, होती पंधरा. लांबी पावपट वाढली आणि दाब निम्म्यावर आला. स्वेआ खो खो हसली.

"मी कागद मोजला, आल्गोट! डबी मोजलीच नाही!"

"हसतेस काय? साडेअकरा झाले!"

"चूक सापडली, आता रडू?"

उपाय सोपा होता : पट्टीच्या बुडाशी जाड पत्र्याचा तुकडा रिव्हेटनं ठोकायचा, म्हणजे पकड तीन मिलिमीटर पुढे सरकेल. पण असे ऐंशी तुकडे, आणि हात चारच. स्वेआ रस्ता ओलांडून वर्नरकडे गेली. तोही हाच माल करायचा, तिची गिऱ्हाइकं पळवायचा. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत त्यानं कोट चढवला होता.

"तुझं गिऱ्हाईक उद्या पळवीन," तो म्हणाला. "आज रिव्हेट कुठे आहेत ते सांग."

तो तीन कामगार घेऊन आला. कोणी तुकडे कापले, कोणी ठोकले. पावणेतीनला आल्गोट मुकुट घालून जिना उतरला, उड्या मारल्या, एका पायावर गिरकी घेतली. एकही दिवा लवला नाही. वर्नरनं जाड्याभरड्या आवाजात लुसियाचं गाणं धरलं, बाकीच्यांनी सूर मिळवला.

गाडीवाला बर्फ झटकत दारात आला आणि टकलू लुसिया बघून तिथेच थबकला. सगळे पोट धरधरून हसत होते. स्वेआनं ओला झालेला चष्मा पुसला.

"दार लावा रे कोणीतरी," ती म्हणाली, "ऊब सगळी बाहेर चाललीय."