पडवीच्या भिंतीवरचा आकडा

ओल्या पांढऱ्या मातीचा वास आला की चोपड्याच्या आमच्या घराची पडवी डोळ्यांसमोर येते. तिथल्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीवर, कोळशानं लिहिलेला एक आकडा होता: ४०७११८३. नुकतेच अंक शिकलेल्या आमच्या लेकीनं, माईनं, तो लिहिला होता. त्याच आठवड्यात मानमोडीच्या तापात ती गेली.

दिवाळी आली तशी मी पोतेरं घेऊन पांढऱ्या मातीनं भिंत सारवायला गेले. हे शाळेत मास्तर. मांडीवर पाटी घेऊन तिथंच बसले होते.

"थांब," म्हणाले, "हा आकडा कशानं भागतो ते बघतोय. भागला की पोत."

सातानं बघितलं, अकरानं, तेरानं. मला कुठं लिहिता-वाचता येत होतं! पुढच्या दिवाळीलाही तेच. बाकी घर पांढरंशुभ्र आणि ही एकच भिंत काळवंडलेली. सण तोंडावर आलेला; शेवटी मी चिडले.

"अहो, दिवाळी उनी. आते तरी पोतू द्या!"

त्यांनी पाटी खाली ठेवली. मग हळूच "भागला" म्हणाले आणि उठून बाहेर गेले. सुटले एकदाची, असं म्हणत मी पोतेरं मातीत बुडवलं.

आज नातीनं अभ्यासासाठी एखादा मोठा आकडा मागितला. मला तो एकच येतो, चित्रासारखा. तिच्या पाटीवर काढून दिला. तिनं बोटांवर अंकांची बेरीज केली.

"चोवीस! आजी, हा तिनानं भागतो. बेरजेवरूनच कळतं."

हीच बेरीज हे चौथीच्या पोरांना शिकवायचे.