सोडलेली आठ पानं

माझे यजमान मंगळवारी वारले. बुधवारी आधार कार्ड शोधताना त्यांच्या कपाटात फाइल सापडली. फाइलमध्ये दवाखान्याचे दोन वर्षांचे रिपोर्ट होते.

धाकटे दीर मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, अण्णानं मला शपथ घातली होती."

त्या दोन वर्षांत आम्ही एक कादंबरी वाचत होतो. कानडी, दोन खंडांची. मी मिरजेकडची, मराठी शाळेत शिकलेली आणि पुढं तिथंच शिक्षिका झालेली. लग्नानंतर धारवाडात कानडी बोलायला शिकले, भाजीवालीशी भांडण्याइतकी शिकले. वाचायला मात्र बसच्या पाट्यांपलीकडे गेले नाही. यजमान कानडी शाळेतले. धारवाडच्या सप्तापूर भागातल्या आमच्या घरात चारचा चहा झाला की ते पुस्तक उघडायचे. डोळे कानडी ओळीवर, तोंडानं मराठी. मी समोर मेथी निवडत बसायची. त्या दिवसाचं वाचन थांबवलं की ते त्या ओळीशी पेन्सिलीनं टिंब द्यायचे.

कादंबरीत एक मास्तर होता आणि त्याची बायको. मास्तर मला फार आवडायचा. सरळ, कमी बोलणारा. बायको डोक्यात जायची. कुठं गेला होता, कुणाला भेटला, सदरा का ओला. दिवसभर तिची चौकशी.

"देवमाणूस पदरात पडलाय आणि बाई त्याला पोलिसासारखी छळतेय," मी म्हणायची.

"असू दे गं. तिचंही काही असेल."

"असलं कसलं? मी असते तर एकदा विचारलं असतं आणि गप बसले असते."

यावर ते हसले होते. ते हसणं मला नीट आठवतं.

पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच एकदा त्यांनी बरीच पानं एकदम उलटली होती.

"हे काय?"

"जत्रेचं वर्णन आहे नुसतं."

"मग वाचा की. मला जत्रा आवडते."

"अगं, बैलांची नावं आहेत सगळी. तुला पाठ करायची आहेत का?"

मी हसले आणि मेथी निवडत राहिले.

ते गेल्यावर मी कानडी अक्षरं गिरवली. पहिलीतल्या मुलासारखं ओळीखाली बोट ठेवून कादंबरी पहिल्यापासून वाचू लागले. त्या पानांपर्यंत यायला पाच महिने लागले. आठ पानं होती. त्यांत जत्रा नाही, बैल नाहीत. मास्तर तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे जातो. परत येताना भावाला सांगतो, हिला कळू देऊ नकोस. रात्री बायकोला त्याच्या सदऱ्यात औषधाची पुडी सापडते. तिथून पुढं ती विचारत सुटते.

आठव्या पानाच्या शेवटी पेन्सिलीचं टिंब आहे. म्हणजे त्यांनी ते एकट्यानं वाचलं, आणि मग माझ्यासाठी सोडलं.

मास्तरचा मला राग येतो. तो कागदावरचा आहे, त्याला काय बोलणार? पण त्या बाईला मी दोन वर्षं नावं ठेवली आणि यजमानांनी ती ठेवू दिली. तिच्यासारखी होऊ नये म्हणून मी स्वतःला आवरत होते. जिना चढताना ते मध्येच थांबायचे. मी विचारायची, "दमलात?" ते म्हणायचे, "हवा बदललीय." दुसऱ्यांदा मी कधी विचारलं नाही.

दीर दर रविवारी येतात. मी त्यांना चहा देते. कादंबरीबद्दल त्यांना सांगितलेलं नाही.

दुसऱ्या खंडात यजमानांच्या शेवटच्या टिंबापुढं साठ पानं आहेत. त्यातलं मी आता रोज अर्धं पान वाचते.