मिन्यावरचं कुंकू

हळदीकुंकवाची पुटं चढून तपकिरी झालेलं, तळहातात मावणारं, साखळीचं सोन्याचं घड्याळ – कोऱ्हाळ्याच्या आमच्या घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू दिसायची ती अशी. त्याच्या झाकणावर निळा मिना होता, सोन्यावर भाजून चढवलेला काचेसारखा रंग. पण तो निळा होता हे आम्ही नुसतं ऐकून. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, आबा – माझे आजोबा – ते कापडातून काढून कोयत्या-विळ्यांच्या ओळीत पाटावर मांडत, किल्ली देत आणि वर कुंकवाचं बोट उठवत. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, ही घरची रीत. ओल्या हळदीचा, झेंडूचा, कोयत्यांना चोळलेल्या तेलाचा तो वास... पणजोबांना ते कुण्या संस्थानिकाने खूश होऊन दिलं, असं आबा सांगत. मला त्याचाही संशयच आहे. आमचं घराणंच तसं. दुधवाल्यापासून पावसापर्यंत कुणावर म्हणून विश्वास नाही.

मी नऊ वर्षांची होते. पूजा आटोपून सगळे जेवायला बसले, तेव्हा मी ते चोरून उचललं. निसटून कोयत्याच्या पात्यावर आपटलं, टिकटिक थांबली आणि कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा मिना उडाला. त्या टवक्यावर मी कुंकवाचं बोट दाबलं आणि साळसूदपणे पानावर जाऊन बसले.

घड्याळ बंद पडलेलं पाहून आबा मला घेऊन बारामतीला बापूरावांकडे गेले – घड्याळं दुरुस्त करणारे, आबांचे जुने स्नेही. आठवड्याने परत गेलो, तर बापूरावांनी मोठ्या हौसेने रुमाल उलगडला... पुटं गेली होती. गर्द, पारदर्शक निळाई, तिच्याखाली, पाण्यातून तळ दिसावा तशा, सोन्यावर कोरलेल्या केसासारख्या रेषा, आणि कडेने पांढऱ्या कळ्यांची नाजूक वेल – जी आमच्यापैकी कुणी कधी पाहिलीच नव्हती. मी हरखून गेले. आबांचा चेहरा मात्र काळवंडला.

“बापूराव, हे माजं न्हाय. माज्या घड्याळाला टवका नव्हता.”

“तुमचंच हाय, आबा. नुसतं पुसलंय. हे भिंग घ्या, नीट बघा.”

“भिंग तुमचं, घड्याळ तुमचं. मग दिसंल ते बी तुमचंच!”

दारात माणसं जमली. आबा माझ्याकडे वळले. “तू सांग पोरी, ह्येच व्हतं का?”

बापूरावही माझ्याकडेच पाहत होते. माराच्या भीतीने मी म्हणाले, “न्हाय.”

त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते. गिऱ्हाईक तुटलं, बापूरावांचं दुकान वर्षाच्या आत बंद झालं. आबांनी घड्याळ पुन्हा पूजेला मांडलं नाही. बापूरावांनी आपल्याला फसवलं, असं मानूनच ते गेले.

परवा पत्ता काढत निरवांगीला गेले. बापूराव तिथे लेकीकडे असतात; पुष्कळ थकलेत. डाळिंबाच्या बागेकडे तोंड करून ओसरीवर बसले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

“आबांना सांगितलं व्हतंस?”

“नाही.”

“मग मला कशापायी सांगतीस? मला तर ठावंच व्हतं.”

मी पिशवीत हात घातला. घड्याळ त्यांच्यापुढे धरलं – निदान एकदा पाहा, म्हटलं. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

“न्हाय पोरी. तुमच्या घरची वस्तू मी हातात घेत न्हाय.”